आनंदी चालीचं गाणं आणि लुईझियानाचा गव्हर्नर

पाठ टाचणाच्या वहीत मी कवितेसाठी एक रकाना आखतो. लय काय, चाल कशी, भाव कोणता. बी.एड.ला आमच्या प्राध्यापकांनी सांगितलं होतं की भाव एका शब्दात लिहावा, पसारा मांडू नये. तेव्हापासून, म्हणजे जवळपास वीस वर्षं, मी तो एका शब्दातच लिहीत आलोय. वीर, करुण, भक्ती, आनंद. उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो, त्यामुळे माझ्या मुलांना कवितेची चाल आधी कळते, शब्द नंतर. चाल उड्या मारणारी असली की मुलं हसतात, डोलतात आणि मी वहीत लिहितो, ‘भाव : आनंद’.

मागच्या हिवाळ्यात स्नेहसंमेलनासाठी चौथीच्या मुलांचं एक इंग्रजी गाणं बसवायचं होतं. इंग्रजीच्या मॅडम रजेवर होत्या आणि हार्मोनियमवर थोडाफार हात चालणारा शाळेत मी एकटाच, म्हणून काम माझ्याकडे आलं. गाणं होतं ‘यू आर माय सनशाईन’. तुम्हीही ऐकलं असेल. बालवाडीच्या व्हिडिओंमध्ये हसरा सूर्य, ढग, टाळ्या, आणि हे गाणं. अर्ध्या तासात चाल हाताखाली आली. सवयीने वहीत नोंद केली : लय मध्य-द्रुत, भाव आनंद.

तिसऱ्या दिवशी तालमीत एका मुलीने विचारलं, “सर, इसका अंतरा नै क्या?”

प्रश्न रास्त होता. आमच्या पोरांच्या लेखी गाणं म्हणजे मुखडा आणि अंतरा. नुसता मुखडा गात राहणं म्हणजे जेवायला बोलावून फक्त सरबत पाजणं. मी म्हटलं, शोधून सांगतो. त्या रात्री अंतरे शोधले. वाचले आणि दुसऱ्या दिवशी मुलीला काय सांगावं हेच कळेना.

पहिल्या अंतऱ्यात माणूस झोपलेला आहे. स्वप्नात त्याची प्रिया त्याच्या मिठीत आहे. जाग येते, शेजारी कुणी नाही, तो मान खाली घालून रडतो. पुढे तो तिला वचन देतो आणि त्याच दमात धमकीही देतो की मला सोडून दुसऱ्याकडे गेलीस तर पस्तावशील. त्याच्याही पुढे कळतं की ती गेलेलीच आहे. मग तो मुखडा, ज्यावर चौथीची मुलं टाळ्या वाजवत होती, तो तरी काय आहे? माझा प्रकाश माझ्याकडून हिरावून नेऊ नका, ही विनवणी. हे सोडून गेलेल्या बाईच्या मागे राहिलेल्या माणसाचं गाणं आहे. मी वहीत लिहिलं होतं, आनंद.

चूक माझी होती हे मान्य. पण ती मी एकट्यानेच केली होती का, हे पाहू लागलो तेव्हा वाटेत अमेरिकेचा बराच इतिहास लागला. तो इथे मांडतोय.

आधी चालीबद्दल. हार्मोनियम समोर ठेवून वाचलंत तर उत्तम. इंग्रजीत ‘की’ म्हणतात त्यात दोन गोष्टी येतात. एक म्हणजे आपली पट्टी, षड्ज कुठे धरला ते. काळी एक घ्या नाहीतर पांढरी चार, गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे. तिने भाव फारसा बदलत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे सप्तक कोणतं, ‘मेजर’ की ‘मायनर’. मेजर म्हणजे ढोबळमानाने आपला बिलावल, सगळे स्वर शुद्ध. मायनरमध्ये गंधार कोमल. ‘सनशाईन’ पक्कं मेजरमधलं आहे. मंद्र पंचमावरून उचल घेतं, षड्ज-ऋषभ करत गंधारावर येऊन निवांत बसतं. पुढच्या ओळीत धैवतापर्यंत चढतं आणि पायऱ्या उतरल्यासारखं खाली येतं. खालचा पंचम ते वरचा धैवत, एवढाच पल्ला. ज्याला गाता येत नाही त्यालाही हे गाता येतं. साथीला तीनच स्वरसंगती पुरतात : सा-ग-प, म-ध-सा, प-नि-रे. त्या एकामागून एक दाबल्या की शुद्ध सप्तकाचे सातही स्वर येऊन जातात, एकही कोमल नाही, कुठे किंतु नाही.

लय दोन-दोनची. पहिल्या मात्रेवर खर्जातला एक स्वर, दुसऱ्या मात्रेवर गिटारच्या तारांवरून हात. खर्जात आळीपाळीने सा आणि प. अमेरिकन कंट्री म्युझिकमधली निम्मी गाणी याच चालीवर चालतात. पाय आपोआप हलतो. आपल्या केरव्याशी तिचं जवळचं नातं सांगता येईल, फक्त तिच्यात केरव्यासारखा लचका नाही, सरळ चालणं आहे.

केट हेव्हनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९३५ आणि १९३७ साली यावर प्रयोग प्रसिद्ध केले. संगीताचा तोच तुकडा एकदा मेजरमध्ये, एकदा मायनरमध्ये. एकदा जलद, एकदा संथ. आणि ऐकणाऱ्यांनी समोरच्या यादीतून विशेषणं निवडायची. मेजर आणि जलद असेल तर लोक आनंदी, खेळकर अशा शब्दांवर खूण करत. मायनर आणि संथ असेल तर उदास. स्वर उंच की खालचा, यापेक्षा लयीचा आणि सप्तकाचा परिणाम बराच मोठा निघाला. हे ऐकणारे अमेरिकन होते, हे लक्षात ठेवायला हवं. आपल्या कानाला कोमल स्वर म्हणजे दुःख असं समीकरण इतकं सरळ बसत नाही. भैरवीत गंधार, ऋषभ, धैवत, निषाद सगळे कोमल, तरी तिच्यावर मैफल उठते ती भरल्या पोटाने. द्रुत लयीतल्या कव्वालीला कोमल गंधार लागला म्हणून कुणी रुमाल काढत नाही. पण लयीच्या बाबतीत आपणही तिथल्यासारखेच फसतो. आमच्या नानीच्या वेळी लग्नघरात बायका ढोलकीवर दखनी गीतं म्हणत. लय अशी की लहान पोरं नाचत. शब्द काय असत? माय, तुझ्या अंगणातली चिमणी उडाली, आता भावाला सांग दार लावून घे. आम्ही पोरं नाचायचो आणि नवरीची आई कोपऱ्यात पदर डोळ्याला लावायची. लहानपणी वाटायचं, हिला गाणं आवडत नसावं.

आता गाणं कुठून आलं ते. १९३३ साली अमेरिकेत दारूबंदी उठली. दक्षिणेत आणि टेक्ससमध्ये रस्त्याकडेच्या दारूच्या अड्ड्यांत, नाचाच्या हॉलमध्ये ज्यूकबॉक्स आले. नाणं टाका, तीन मिनिटांची तबकडी ऐका. मंदीने पिचलेली माणसं तिथे यायची. त्यांची गाणी बेवफाईची, रेल्वेची, तुरुंगाची, मेलेल्या आईची. पण हॉलच्या गोंगाटात ती ऐकू यायला हवीत आणि त्यांवर जोडप्यांना नाचता यायला हवं. मग शब्द तेच राहिले आणि लय वाढली. त्या काळच्या कंट्री गाण्यात रडण्याचे शब्द आणि नाचण्याची चाल हातात हात घालून दिसतात ते त्यामुळे.

‘सनशाईन’ची पहिली तबकडी १९३९ च्या ऑगस्टमधली, अटलांटाच्या पाइन रिज बॉईज या जोडीची. दोन आवाज आणि गिटार. पुढच्याच महिन्यात राईस ब्रदर्स गँगने ते गायलं. ज्या माणसामुळे ते जगभर गेलं त्या जिमी डेव्हिसने ते गायलं १९४० च्या फेब्रुवारीत, म्हणजे तिसऱ्या नंबरवर. पण स्वामित्वहक्काच्या कागदावर नाव लागलं जिमी डेव्हिस आणि त्याचा स्टील गिटारवाला चार्ल्स मिचेल यांचं. राईस बंधूंपैकी पॉल राईस म्हणत राहिला की गाणं माझं, मी ते डेव्हिसला विकलं. जॉर्जियातल्या लग्रेंज गावचे लोक सांगतात, ते आमच्या ऑलिव्हर हूडचं. त्या काळी गाणं बैलासारखं विकलं जाई, दावं ज्याच्या हातात तो मालक. (स्टील गिटार म्हणजे आपण रेडिओवर ‘हवाईयन गिटार’ म्हणून ऐकायचो तेच खानदान. मुंबईत व्हॅन शिपले यांनी हिंदी सिनेगीतांच्या धून याच जातीच्या गिटारवर वाजवल्या. तारेवरून लोखंड घसरत जातं आणि स्वर रडतो. ‘सनशाईन’च्या हसऱ्या चालीत रडण्याचं काम या एका वाद्याकडे होतं, असं मला वाटतं.)

इथे बँजोसाठी थोडं थांबतो, कारण अमेरिकेत आनंदी गाणं म्हटलं की कानात आधी बँजो वाजतो आणि बँजोचा इतिहास आपल्या वाचकांना माहीत असायला हवा. हे वाद्य गोऱ्या शेतकऱ्यांनी शोधलं नाही. भोपळ्यावर कातडं ताणून त्याला दांडी आणि तारा लावायची कला पश्चिम आफ्रिकेतून गुलामांबरोबर आली. सेनेगांबियात जोला लोकांचं अकोंटिंग आजही आहे, बँजोचा सख्खा भाऊ शोभावा असं. त्याच भागातून पकडून नेलेल्यांत मुसलमान बरेच होते. सेनेगल नदीच्या मुलखातून आणलेले उमर इब्न सईद नॉर्थ कॅरोलायनात गुलामीत असताना १८३१ साली स्वतःची जीवनकहाणी अरबीत लिहून गेले. ते हस्तलिखित आज अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात आहे. उमर बँजो वाजवत असं मी म्हणत नाही. पण ज्या जहाजांतून कुराण शिकलेली माणसं आली, त्याच जहाजांतून हे वाद्यही आलं.

१८४३ साली न्यूयॉर्कमध्ये व्हर्जिनिया मिन्स्ट्रेल्स नावाची मंडळी रंगमंचावर आली. गोरे लोक, तोंडाला काजळी फासलेली, हातात बँजो. गुलाम किती मजेत आहेत, कसे दिवसभर गातात-नाचतात, याचा तमाशा. तो प्रचंड चालला. बँजोची तार छेडली की आवाज लगेच विझतो, लांबवता येत नाही, म्हणून तो भरभर वाजवावा लागतो. भरभर वाजला की ऐकणाऱ्याला वाटतं, वाजवणारा खूश आहे.

दोनच वर्षांनी, १८४५ साली, गुलामीतून पळून आलेल्या फ्रेडरिक डग्लस यांचं आत्मचरित्र आलं. त्यात त्यांनी याच गैरसमजाला हात घातला. उत्तरेत आल्यावर त्यांना असे लोक भेटले जे म्हणत की गुलाम गातात म्हणजे ते समाधानी आहेत. डग्लस चकित झाले. त्यांचं म्हणणं असं की गुलाम सर्वांत जास्त गातो तो सर्वांत जास्त दुःखात असताना. रडून जसं मन हलकं होतं तसं गाण्याने होतं, इतकंच. हे वाचताना मला आपल्याकडचं एक कौतुक आठवलं. ‘तुमचे लोक काय खुशमिजाज हो! कव्वाली, शायरी, बिर्याणी!’ स्टाफरूममध्ये ईदच्या दुसऱ्या दिवशी हे हमखास ऐकायला मिळतं. बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. शीरखुर्म्याची वाटी त्याच्या हातात असते. पण त्या कौतुकानंतर वस्तीतल्या नळाचं किंवा भाड्याच्या घराचं काही बोलायची सोय राहत नाही.

तर जिमी डेव्हिस. जन्म १८९९, लुईझियानाच्या उत्तरेतला, वाट्याने शेती करणाऱ्या गरीब गोऱ्या कुटुंबातला. शिकला, लुईझियाना स्टेट युनिव्हर्सिटीतून एम.ए. झाला आणि श्रीव्हपोर्टच्या डॉड कॉलेजात शिकवू लागला. म्हणजे एका अर्थी आमच्याच बिरादरीतला. पगाराबरोबर गाणंही सुरू होतं. १९३०च्या आसपास त्याने ज्या तबकड्या काढल्या त्या चावट ब्लूजच्या. १९३२ मध्ये त्याच्या तबकड्यांवर साथीला ऑस्कर वूड्स आणि एड शाफर हे दोन काळे गिटारवादक होते. त्या काळच्या दक्षिणेत काळा आणि गोरा एका टेबलावर जेवू शकत नव्हते. कंपन्यांच्या याद्याही वेगळ्या होत्या : गोऱ्यांच्या तबकड्या ‘हिलबिली’, काळ्यांच्या ‘रेस रेकॉर्ड्स’. एकाच दौऱ्यात, एकाच माणसाने ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यांच्या अशा दोन वाटण्या होत. मायक्रोफोनसमोर मात्र हे तिघे एकत्र बसले होते. डेव्हिसला काळ्यांचं संगीत चांगलं ठाऊक होतं, त्यातूनच तो गायला शिकला. पुढचं वाचताना हे विसरू नका.

१९४१ मध्ये जीन ऑट्री आणि बिंग क्रॉस्बी यांनी ‘सनशाईन’ गायलं आणि ते घरोघरी गेलं. डेव्हिस तोवर राजकारणात शिरला होता. १९४४ ची गव्हर्नरपदाची निवडणूक त्याने गात लढवली. भाषण थोडं, बँड जास्त. विरोधकांनी त्याच्या जुन्या चावट तबकड्या लोकांना ऐकवून त्याची अब्रू काढायचा प्रयत्न केला, तर लोक म्हणे त्यांवरच नाचू लागले. तो जिंकला. गव्हर्नर असताना १९४५ मध्ये त्याचं एक गाणं कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. १९४७ मध्ये ‘लुईझियाना’ नावाच्या सिनेमात त्याने स्वतःचीच भूमिका केली. त्याच्या घोड्याचं नाव सनशाईन. पुढे त्या घोड्यावर बसून तो विधानभवनाच्या पायऱ्या चढला, त्याचे फोटो आहेत.

सभांत तो काय गात असेल? मुखडा. हजारो लोक बरोबर गाऊ शकतात असा मुखडा. रडून उठलेल्या माणसाचा अंतरा घेऊन कुणी मतं मागत नाही. गाण्याचा भाव बदलायला शब्द बदलावे लागत नाहीत, काही शब्द गायचे सोडून दिले तरी पुरतं. चौथीच्या वर्गात मी तेच केलं होतं.

दुसऱ्यांदा तो उभा राहिला १९५९-६० मध्ये. मधल्या काळात, १९५४ साली, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या होत्या. लुईझियानातली ही निवडणूक त्याच प्रश्नाभोवती फिरली. विली रॅनॅक हा कट्टर वंशभेदवादी उमेदवार तिसरा आला आणि अंतिम फेरीत त्याने आपलं वजन डेव्हिसच्या पारड्यात टाकलं. न्यू ऑर्लिन्सच्या महापौराला हरवून डेव्हिस गव्हर्नर झाला. त्याची भाषा रॅनॅकइतकी जहाल नव्हती. तो गोड बोलायचा आणि गायचा. १९६० च्या नोव्हेंबरमध्ये संघराज्याच्या न्यायालयाने न्यू ऑर्लिन्सच्या शाळांत काळ्या मुलांना प्रवेश द्यायला लावला, तेव्हा याच गोड माणसाने विधिमंडळाचं खास अधिवेशन बोलावलं. प्रवेश रोखण्यासाठी एकामागून एक कायदे झाले, त्याच्या सहीने. न्यायालयाने ते रद्द केले की नवे आले.

१४ नोव्हेंबर १९६०. सहा वर्षांची रूबी ब्रिजेस चार सरकारी मार्शलांच्या मधून विल्यम फ्रान्झ शाळेच्या पायऱ्या चढली. आणखी तीन मुली त्याच दिवशी दुसऱ्या एका शाळेत गेल्या. गोऱ्या आईबापांनी आपली मुलं काढून घेतली. बोस्टनहून आलेल्या बार्बरा हेन्री या बाईंनी वर्षभर एकट्या रूबीला शिकवलं, रिकाम्या वर्गात. बाहेर रोज सकाळी गोऱ्या बायकांचा जमाव त्या पोरीवर ओरडायला जमायचा. वर्तमानपत्रांनी या बायकांना नाव दिलं होतं ‘चीअरलीडर्स’. कादंबरीकार जॉन स्टाइनबेक प्रवासात तिथे थांबले, त्यांनी हा प्रकार पाहून लिहून ठेवलाय. चीअर म्हणजे उल्हास. आनंदी गाण्याला इंग्रजीत जे विशेषण लावतात त्याच्या मुळाशी हाच शब्द.

मी शिक्षक आहे, त्यामुळे या चित्रातून मला बाहेर पडता येत नाही. वर्गात एकच मूल, त्याचं हजेरीपुस्तक कसं दिसत असेल? त्या बाई तिला गाणी शिकवताना दोघींचा मिळून समूह धरत असतील का? आणि त्याच राज्यात, राजधानीत, गव्हर्नरच्या खुर्चीत एक माजी प्राध्यापक, ज्याची ओळख सगळ्या देशात एकच : सूर्यप्रकाशाचं गाणं गाणारा. गाण्यावर माझा राग नाही, गाणं बिचारं कुणाच्याही तोंडी बसतं. पण मुखड्याच्या मेजर सप्तकाने आणि दोन-दोनच्या लयीने या माणसाला जी ‘भला माणूस’ अशी छबी दिली, तिच्याशिवाय तो दुसऱ्यांदा निवडून आला असता का, अशी शंका मला येते.

दोन वर्षांनी हे गाणं दुसऱ्या कुणाच्या हाती गेलं.

रे चार्ल्स. जॉर्जियात जन्म, फ्लोरिडात वाढ, सात वर्षांचा होईतो दृष्टी गेली. लहानपणी रेडिओवर ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा कंट्रीचा कार्यक्रम कान लावून ऐकायचा, तरुणपणी काही काळ फ्लोरिडातल्या एका गोऱ्या कंट्री बँडमध्ये पियानोही वाजवला. १९६१ च्या मार्चमध्ये जॉर्जियातल्या ऑगस्टा शहरात श्रोत्यांना रंगानुसार वेगळं ठेवणार हे कळल्यावर त्याने कार्यक्रम करायला नकार दिला. १९६२ मध्ये त्याने कंट्री गाण्यांचे दोन अल्बम काढले. रेकॉर्ड कंपनीला धास्ती होती, काळ्या गायकाची कंट्री गाणी कोण घेणार? लोकांनी तुफान घेतली. दुसऱ्या अल्बममध्ये ‘यू आर माय सनशाईन’ आहे.

ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मोबाईल हातात घेऊन खात्री केली की हे तेच गाणं आहे. ब्रास बँड घुसतो. दोन-दोनची सरळ चाल गेलेली, तिच्या जागी ब्लूजची झोके घेणारी लय. गंधार सरळ शुद्ध उभा राहत नाही, कोमलकडे कलतो, घसरतो, परत येतो. मेजरचा स्वच्छ उजेड गढूळ झालाय. मध्ये मार्जी हेन्ड्रिक्स येते, रे चार्ल्सच्या साथीदार गायिकांपैकी एक, आणि फाटत्या, गुरगुरत्या आवाजात तीच ओळ मागते. विनवणी कसली, दार ठोठावणं आहे ते. आपलं काहीतरी हिरावून नेऊ नका असं दक्षिणेतला काळा माणूस १९६२ साली म्हणतो, तेव्हा त्यात फक्त प्रेयसी राहत नाही. आणि मजा अशी की हे ऐकतानाही पाय हलतो. आनंद आहेच, पण तो गमाच्या बाजूला खुर्ची टाकून बसलाय. गाणं वर्षअखेरीस ‘रिदम अँड ब्लूज’च्या यादीत पहिलं आलं. डेव्हिस तेव्हा अजून गव्हर्नरच होता आणि गाण्याच्या कागदावर नाव त्याचंच. रे चार्ल्सची तबकडी विकली जाई तेव्हा हक्काचे पैसे कुणाच्या नावावर जात असतील, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

त्याच वर्षी, १९६२ च्या ऑगस्टमध्ये, जॉर्ज रसेल या काळ्या जॅझ संगीतकाराने हेच गाणं घेतलं. गायिका होती शीला जॉर्डन, पेन्सिल्व्हेनियातल्या कोळसा खाणींच्या मुलखात आजीकडे वाढलेली गोरी मुलगी. तिच्या गावी खाणकामगार दारूच्या गुत्त्यात हे गाणं म्हणत. रसेल तिच्याबरोबर तिथे गेला होता, आणि त्यातून त्याला ही रचना सुचली. मुद्रण दहा मिनिटांहून मोठं आहे. वाद्यं एकमेकांना छेद देत जातात, मग थांबतात, आणि शीला एकटी, साथीशिवाय, इतक्या संथपणे गाते की दोन शब्दांच्या मधली शांतता ऐकू येते. शब्द एकही बदललेला नाही. चाल ओळखता येते. पण लय काढून घेतल्यावर जे उरतं ते काळोखी खाणीतून वर न आलेल्या माणसाची वाट पाहणारं गाणं आहे.

१९७२ मध्ये डेव्हिसचा कंट्री म्युझिकच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये समावेश झाला. १९७७ मध्ये लुईझियानाने ‘यू आर माय सनशाईन’ला राज्यगीताचा दर्जा दिला. डेव्हिस एकशे एक वर्षं जगला, २००० साली गेला. रूबी ब्रिजेस आजही शाळाशाळांत जाऊन मुलांशी बोलते.

स्नेहसंमेलनात आम्ही गाणं केलं. मुखडा आधी नेहमीच्या लयीत, टाळ्यांसकट. मग मी भात्याचा जोर कमी केला, लय निम्मी केली आणि त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलीने पहिला अंतरा एकटीने म्हटला. पट्टी तीच, काळी एक. स्वर तेच शुद्ध. समोर बसलेल्या आयांपैकी इंग्रजी कळणाऱ्या फार नव्हत्या, तरी सभागृह गप्प झालं. मग परत मुखडा, परत टाळ्या, पण या वेळी त्या जरा उशिराने आल्या. पाठ टाचणात मी ‘भाव’चा रकाना कोरा सोडला होता. तपासणीत तिथे पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह आलंय.

ज्यांना ऐकायचंय त्यांनी क्रम असा ठेवावा : पाइन रिज बॉईज १९३९, जिमी डेव्हिस १९४०, मग रे चार्ल्स, आणि शीला जॉर्डन शेवटी, रात्री, घरातले झोपल्यावर.